एअर मॉनिटरवरचा १००० हा आकडा आला कुठून? गोष्ट माक्स फॉन पेटेनकोफरची

घरात रीफ टँक, म्हणजे समुद्राच्या पाण्याचा, जिवंत प्रवाळांचा फिश टँक ठेवणाऱ्यांना एक कोडं कधी ना कधी पडतंच. मीठ बरोबर, तापमान बरोबर, दिवे महागातले. तरी पाण्याचा पीएच ८.२ वर काही जात नाही. रात्री तर तो ७.८ पर्यंत खाली येतो. मग बाटल्यांतून बफर आणून ओतणं सुरू होतं. दोन दिवस बरं, तिसऱ्या दिवशी पुन्हा तेच. आणि एक दिवस कोणीतरी सांगतं, अरे, खिडकी उघडून बघ. खिडकी उघडली की काही तासांत पीएच चढायला लागतो!

यात जादू काही नाही. आपण श्वासातून सोडलेला कार्बन डायऑक्साइड बंद खोलीत साठतो, टँकच्या पाण्यात विरघळतो आणि त्याचं कार्बोनिक ॲसिड होतं. पाणी जरा आम्लाकडे झुकलं की प्रवाळांना आपला चुन्याचा सांगाडा बांधणं जड जातं. म्हणजे बिघाड टँकमध्ये नसतो, खोलीच्या हवेत असतो. प्रवाळ बिचारे तक्रार करतात ती आपल्या श्वासाची.

मग माणूस एअर मॉनिटर विकत घेतो, फोनला जोडतो आणि ॲपमध्ये आकडे बघत बसतो. ६०० हिरवा, ८०० हिरवा, १००० च्या आसपास पिवळा. बऱ्याच मॉनिटरवर ही रेषा १००० पीपीएमलाच असते. का? ९०० का नाही, १५०० का नाही? या प्रश्नाचं उत्तर शोधायला १८५८ सालच्या म्युनिकमध्ये जावं लागतं. तिथल्या एका माणसाने हा आकडा काढला तेव्हा त्याच्याकडे ना सेन्सर होता, ना वीज. काचेच्या बाटल्या होत्या आणि एक पांढरट होणारं पाणी होतं. माणसाचं नाव माक्स पेटेनकोफर.

नाटकात पळालेला मुलगा

माक्सचा जन्म ३ डिसेंबर १८१८ चा, बव्हेरियात, डॅन्यूब नदीकाठच्या नॉयबुर्ग गावाजवळच्या लिश्टेनहाइम नावाच्या वस्तीतला. घरात खाणारी तोंडं पुष्कळ, मिळकत बेताची. काका मात्र म्युनिकला राजाचे औषधनिर्माते होते, थेट राजवाड्यात त्यांची औषधशाळा होती. काकांनी पुतण्याला शिकायला नेलं. त्याने पुढे आपली गादी चालवावी हा हेतू.

पोरगा हुशार होता, पण काकांशी खटका उडाला आणि तो निघून गेला. कुठे? आउग्सबुर्गला, नाटक कंपनीत. स्वतःच्या आडनावाची मधली अक्षरं उचलून टेन्कोफ असं रंगमंचावरचं नावही घेतलं. नट म्हणून काही खास जमलं नाही म्हणतात. त्याला परत आणलं ते काकांनी नाही, चुलत बहीण हेलेनने. दोघांचं प्रेम जमलं होतं आणि तिची अट होती, आधी शिक्षण पूर्ण कर. (आपल्याकडे हे नातं ऐकून भुवया उंचावतील, पण तिथे तेव्हा ते चालत होतं.) माक्स परत आला, औषधनिर्माण आणि वैद्यक दोन्ही शिकला आणि १८४३ मध्ये डॉक्टर झाला. पुढे नोकरी लागल्यावर लग्नही हेलेनशीच झालं.

डॉक्टरकी मात्र त्यांनी कधी धड केली नाही. ओढ होती रसायनशास्त्राची. गीसेनला त्या काळातले सगळ्यात नावाजलेले रसायनशास्त्रज्ञ युस्टुस लीबिग यांच्या प्रयोगशाळेत काम केलं. पित्तातली आम्लं ओळखायची एक चाचणी शोधली, ती अजून त्यांच्याच नावाने ओळखली जाते. नंतर म्युनिकच्या सरकारी टांकसाळीत नोकरी. तिथे जुन्या चांदीच्या नाण्यांमधून सोनं आणि प्लॅटिनम वेगळं काढायचं काम. लाकडापासून दिव्यांचा गॅस, जुन्या तैलचित्रांवरचं धुरकट वार्निश अल्कोहोलच्या वाफेने पुन्हा पारदर्शक करणं, असे उद्योग पुढेही चालू राहिले. १८५० मध्ये त्यांनी मूलद्रव्यांच्या वजनांमध्ये ठरावीक अंतरं दिसतात असं मांडलं. मेंडेलीव्हच्या आवर्तसारणीच्या जवळजवळ वीस वर्षं आधी! पुढच्या मोजमापांसाठी पैसे मागितले तर अकादमीने नाही म्हटलं. विषय तिथेच राहिला.

बाटलीत पकडलेली हवा

१८४७ पासून ते म्युनिक विद्यापीठात वैद्यकीय रसायनशास्त्राचे प्राध्यापक होते आणि १८५० मध्ये काकांनंतर राजवाड्याची औषधशाळाही त्यांच्याकडे आली. १८५१ मध्ये त्यांनी एका अगदी घरगुती विषयावर लेख लिहिला: खोली शेगडीने तापवली आणि नळातून गरम हवा सोडून तापवली, तर खोलीच्या हवेत फरक काय पडतो? तेव्हापासून बंद खोलीची हवा हा विषय त्यांच्या डोक्यातून गेला नाही.

कोंदट हवा वाईट, हे तर सगळ्यांनाच माहीत होतं. पण किती कोंदट म्हणजे वाईट? नाक हे मोजमाप नाही. शिवाय खोलीत बसलेल्या माणसाच्या नाकाला सवय होते, बाहेरून आलेल्यालाच वास येतो. घामाची, श्वासाची, कपड्यांची दुर्गंधी ज्या शेकडो पदार्थांची बनते ती मोजायची सोय तेव्हा नव्हती. पेटेनकोफरनी इथे एक साधी युक्ती केली. या सगळ्या घाणीसोबत माणूस एक गोष्ट नेमाने सोडतो, कार्बन डायऑक्साइड. तो मोजता येतो. तो जितका साठला, तितकी बाकीची घाणही साठली असं समजायचं.

मोजायची पद्धत अशी. माप माहीत असलेली मोठी काचेची बाटली घ्यायची. भात्याने खोलीतली हवा तिच्यात भरायची. मग त्यात बेरियम हायड्रॉक्साइडचं पाणी ठरावीक मापाने ओतून बाटली हलवायची. आपल्याकडे शाळेत चुन्याच्या निवळीत फुंकर मारली की ती दुधासारखी होते, तोच प्रकार. हवेतला कार्बन डायऑक्साइड त्या पाण्यातला अल्कली खातो आणि पांढरा साका बनतो. उरलेला अल्कली किती, हे ऑक्झॅलिक ॲसिड थेंब थेंब टाकून मोजायचं. जेवढा कमी झाला तेवढा वायू हवेत होता.

आज रीफ टँकवाले हवेच्या नळीला सोडा लाइमचा डबा जोडतात, त्याला सीओटू स्क्रबर म्हणतात. आत काय असतं? मुख्यतः कॅल्शियम हायड्रॉक्साइड, म्हणजे भिजवलेला चुनाच. अल्कलीने वायू पकडायचा, रसायनशास्त्र तेच. फरक एवढाच की स्क्रबर वायू काढून टाकतो, पेटेनकोफर तो मोजत होते.

बाटल्या घेऊन ते वर्गांत गेले, खानावळींत गेले, राहत्या खोल्यांत गेले. आकडा आणि माणसांना वाटणारी कोंदट जाणीव एकमेकांशी ताडून पाहिली. हजारात एक भाग, याच्या खाली हवा बरी वाटते, वर गेली की बिघडली असं त्यांनी ठरवलं. १८५८ मध्ये घरांमधल्या हवेच्या अदलाबदलीवर त्यांचं पुस्तक आलं, त्यात हे सगळं आहे. हजारात एक, म्हणजे दहा लाखात हजार, म्हणजेच १००० पीपीएम. तुमच्या ॲपवरची ती पिवळी रेषा.

आता इथे जरा थांबू, कारण या आकड्याचा अर्थ बहुतेक लोक उलटा लावतात. १००० पीपीएम कार्बन डायऑक्साइड म्हणजे विष, असं पेटेनकोफरनी कधीच म्हटलं नाही. उलट एवढ्याने थेट काही होत नाही हे त्यांना पक्कं माहीत होतं. त्यांच्या दृष्टीने तो साक्षीदार होता, गुन्हेगार नाही. खोलीत ताजी हवा येते आहे का, एवढीच साक्ष तो देतो. म्हणून मच्छर कॉइल लावून, अगरबत्ती पेटवून बसलात आणि खिडकी थोडी उघडी असली तर सीओटूचा आकडा मस्त हिरवा राहील. धुराबद्दल तो काही बोलणार नाही. धुरासाठी पीएम २.५ वेगळा बघावा लागतो. आणि हो, स्वस्तातले काही मॉनिटर सीओटू मोजतच नाहीत. ते हवेतल्या दुसऱ्या वायूंवरून अंदाज बांधतात आणि आकडा सीओटूचा म्हणून दाखवतात. घेताना एनडीआयआर सेन्सर आहे का ते बघा.

हजारापर्यंत पोचायला किती वेळ लागतो, याचा हिशोब करू. दहा बाय दहाची, दहा फूट उंच खोली म्हणजे साधारण २८,००० लिटर हवा. झोपलेला मोठा माणूस तासाला ढोबळमानाने १५ लिटर कार्बन डायऑक्साइड सोडतो. दोघं असतील तर ३० लिटर. खोली अगदी हवाबंद धरली तर तासाला हजाराहून जास्त पीपीएमची भर. बाहेरची हवाच आज ४२० पीपीएमच्या वर आहे, म्हणजे अर्ध्या तासात पिवळी रेषा ओलांडली. खऱ्या खोलीला फटी असतात म्हणून वेग कमी पडतो. आणि स्प्लिट एसी बाहेरची हवा आत आणत नाही, तीच हवा गार करून फिरवतो. रात्री एसी लावून दार लोटलं की टँकचा पीएच का बसतो, ते आता कळलं असेल.

श्वास घेणाऱ्या भिंती

खोलीत किती हवा आत-बाहेर होते हे त्यांनी स्वतःच्या खोलीत मोजलं. आधी हवेत कार्बन डायऑक्साइड वाढवायचा, मग तो किती वेगाने उतरतो ते बघायचं. आजही इंजिनियर हीच पद्धत वापरतात. नंतर त्यांनी दारं-खिडक्यांच्या फटी कागद चिकटवून बंद केल्या आणि पुन्हा मोजलं. अदलाबदल कमी झाली, पण बंद झाली नाही. मग ही हवा येते कुठून? त्यांनी निष्कर्ष काढला: भिंतीतून.

१८७२ मध्ये ड्रेस्डेनला सामान्य लोकांसाठी त्यांनी कपडे, घर आणि जमीन यांचा हवेशी काय संबंध आहे यावर व्याख्यानं दिली. तोवर भिंतीतून हवा जाते हे दाखवायचा त्यांचा प्रयोग गाजला होता. विटेसारख्या सच्छिद्र पदार्थाच्या बाजू मेणाने बंद करायच्या, एका टोकाला नळी लावून फुंकायचं आणि दुसऱ्या टोकाची मेणबत्तीची ज्योत हलवायची. लोक थक्क. भिंती श्वास घेतात ही कल्पना जर्मनीत इतकी रुजली की अजूनही काही गवंडी आणि बिल्डर तीच सांगतात. पुढच्या शतकातल्या मोजमापांनी दाखवलं की प्लास्टर केलेल्या भिंतीतून जाणारी हवा नगण्य असते. हवा कुठल्या तरी राहिलेल्या फटींतून येत होती. तोंडाच्या फुंकरीचा दाब आणि घराबाहेरच्या वाऱ्याचा दाब यांत जमीन-अस्मानाचा फरक आहे, आणि वीट वेगळी, प्लास्टर केलेली भिंत वेगळी.

त्याच सुमारास, १८६० नंतर, राजा माक्सिमिलियन दुसरा याच्या पैशातून त्यांनी एक अफलातून यंत्र उभारलं. पत्र्याची एक छोटी खोली, आत खाट, टेबल, खुर्ची, आणि माणूस चोवीस तास आत राहणार. एका बाजूने हवा आत, दुसऱ्या बाजूने पंपाने बाहेर. बाहेर येणाऱ्या हवेतला थोडा भाग आधी सल्फ्युरिक ॲसिडमधून न्यायचा, ते पाण्याची वाफ शोषतं. मग बेरियमच्या पाण्यातून, ते कार्बन डायऑक्साइड पकडतं. यंत्र खरं बोलतंय का हे तपासायला आत चक्क मेणबत्ती जाळून हिशोब जुळवला. कार्ल फॉइट या सहकाऱ्यासोबत त्यांनी माणूस उपाशी असताना, जेवल्यावर, मेहनत करताना किती कार्बन आणि किती पाणी बाहेर टाकतो ते मोजलं. आहारशास्त्राचा बराचसा पाया या पत्र्याच्या खोलीत घातला गेला.

वाफ आणि वायू दोन्ही एकत्र मोजायचे, हे रीफ टँकवाल्यांनी लक्षात घेण्यासारखं आहे. कारण टँक ठेवलेल्या खोलीत या दोघांचं भांडण लागतं. समजा दोनशे लिटरचा उघडा टँक दिवसाला दोन लिटर पाणी उडवतो. मीठ उडत नाही, पाणीच उडतं. आठवडाभर भरच घातली नाही तर १४ लिटर गेले आणि ३५ ची क्षारता साडेसदतीसच्या वर. म्हणून भर घालायची ती गोड्या, आरओच्या पाण्याची, समुद्री पाण्याची कधीच नाही. पण ते दोन लिटर जातात कुठे? २५ अंशांना एक घनमीटर हवेत जास्तीत जास्त २३ ग्रॅम वाफ मावते. आपल्या दहा बाय दहाच्या खोलीत सगळी मिळून साधारण साडेसहाशे मिलिलिटर. टँक रोज त्याच्या तिप्पट पाणी हवेत सोडतो! खोली बंद ठेवली तर ती वाफ भिंतीवर, कपाटामागे बसते आणि बुरशी धरते. एसी लावला तर तो वाफ खेचून नळीतून बाहेर काढतो, पण तेव्हा खिडक्या बंद म्हणून सीओटू चढतो. मुंबईच्या पावसाळ्यात खिडकी उघडली तर बाहेरून आणखी दमट हवा आत. यावर एकच एक उत्तर नाही. एक्झॉस्ट फॅन थोडा वेळ लावणं, टँकच्या स्किमरला हवा बाहेरून नळीने आणणं, आणि दोन्ही आकडे समोर ठेवून आपल्या घराचं गणित बसवणं.

प्याला

१८६५ मध्ये म्युनिकला त्यांच्यासाठी आरोग्यशास्त्राचं अध्यासन निर्माण झालं आणि १८७९ मध्ये त्यांची स्वतंत्र संस्था सुरू झाली. आजाराचा खर्च शहराला पैशात किती पडतो, याचा हिशोब त्यांनी १८७३ मध्ये व्याख्यानातून मांडला. नगरपालिकांना भाषा कळते ती हीच, हे त्यांनी ओळखलं होतं. म्युनिकमध्ये गटारं झाली, १८८३ मध्ये माँगफाल खोऱ्यातून स्वच्छ पाणी आलं, टायफॉइड उतरला. त्याच वर्षी राजाने सरदारकी दिली आणि नावात फॉन आलं.

पण त्यांच्या आयुष्याला खरी जखम होती ती कॉलऱ्याची. १८५४ च्या साथीत म्युनिकमध्ये तो त्यांच्या घरात शिरला. ते स्वतः आजारी पडले, मुलगी मरता मरता वाचली, स्वयंपाकीण गेली. त्यानंतर चाळीस वर्षं ते या रोगाच्या मागे होते. साथीचे नकाशे काढले, जमिनीतल्या पाण्याची पातळी मोजली. पातळी उतरली की रोग वाढतो असं त्यांना दिसलं. त्यावरून त्यांनी मांडलं की रोग्याकडून आलेलं बीज घाणेरड्या, सच्छिद्र जमिनीत पिकतं आणि तिथून हवेत येतं. पिण्याच्या पाण्यातून तो पसरतो हे लंडनच्या जॉन स्नो यांनी दाखवलेलं मत त्यांना पटलं नाही.

खोलीच्या हवेत जो माणूस साक्षीदार आणि गुन्हेगार यांत इतका चोख फरक करत होता, त्याने जमिनीच्या बाबतीत साक्षीदारालाच गुन्हेगार समजलं. मला यात त्यांची श्वास घेणारी भिंत पुन्हा दिसते. मोजमाप खरं, पण वाट चुकीची धरलेली.

या मताचे पडसाद भारतातही उमटले. कॉलऱ्याचं मूळ शोधायला १८६८ मध्ये इंग्रज सरकारने टिमथी लुईस आणि डेव्हिड कनिंगहॅम या दोन डॉक्टरांना भारतात पाठवलं, तेव्हा ते आधी जर्मनीत जाऊन पेटेनकोफरना भेटून आले. रोग जमिनीचा आणि हवामानाचा असेल तर जहाजं आणि माल अडवायची गरज नाही, हे व्यापारावर चालणाऱ्या सरकारला सोयीचंच होतं.

१८८४ मध्ये रॉबर्ट कॉख यांनी कलकत्त्यात कॉलऱ्याचा जंतू वेगळा काढला. पेटेनकोफर हटले नाहीत. १८९२ मध्ये हँबर्गला, जिथे नदीचं पाणी न गाळता घरोघरी जायचं, साथीने आठ हजारांहून जास्त माणसं नेली. त्याच ऑक्टोबरच्या ७ तारखेला ७३ वर्षांच्या पेटेनकोफरनी कॉलऱ्याचे जिवंत जंतू मागवून, पोटातलं ॲसिड मारायला सोडा घालून, साक्षीदारांसमोर तो प्याला पिऊन टाकला. जुलाब झाले, तेवढ्यावर भागलं. काही दिवसांनी त्यांचा शिष्य रुडोल्फ एमरिश यानेही तेच केलं आणि तो बराच आजारी पडला. दोघं वाचले. पेटेनकोफरना वाटलं आपण जिंकलो. विज्ञान मात्र पुढे निघून गेलं होतं.

हेलेन १८९० मध्ये गेली होती. १८९४ मध्ये त्यांनी निवृत्ती घेतली. तब्येत ढासळत गेली, मन खचत गेलं आणि फेब्रुवारी १९०१ मध्ये, ८२ व्या वर्षी, त्यांनी म्युनिकमध्ये स्वतःचं आयुष्य संपवलं.

लंडनच्या स्कूल ऑफ हायजीन अँड ट्रॉपिकल मेडिसिनच्या इमारतीवर, १९२९ मध्ये ती उघडली तेव्हापासून, सार्वजनिक आरोग्यात काम केलेल्यांची नावं दगडात कोरलेली आहेत. त्यात पेटेनकोफर आहेत, कॉख आहेत, भारतात आलेले लुईसही आहेत. जॉन स्नो यांचं नाव तिथे नाही.